दोन म्हाताऱ्या, एक प्रोसेसर

प्रोसेसर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. पण ती घ्यायला निघालं की आधी घरात येतात ते किस्से! आमच्याकडं तर इतके साचले, की चार बाया जमल्या की फर्माईश होते, "ताराबाई, तो थ्रेडवाला सांगा न!" सांगते. दुकानदारांची नावं मात्र सांगणार नाही. त्यांची फुकट जाहिरात कायले करायची?

आम्ही म्हणजे दोघी. मी ढाणकीची, व्हिडिओ कापायला-जोडायला कुठल्याही क्लासशिवाय शिकलेली, आणि हे मी अभिमानानं सांगते. दुसरी जमनीबाई, शेजारच्या तांड्यावरची. नवरी सासरी निघताना रडत रडत म्हणायचं ते ढावलो गाणं तिच्यासारखं कुणी म्हणत नाही. आता तिचा गळा बसलाय, डॉक्टरनं गाणं बंद केलंय आणि नातीचं लग्न तोंडावर आलंय. म्हणून माझ्याकडचं तिचं जुनं शूटिंग जोडून लग्नात लावायचं ठरलं. माझा जुना कॉम्प्युटर तर ते उघडतानाच मान टाकतो. एका स्टुडिओवाल्याकडं दिलं, तर त्यानं जमनीच्या रडण्याखाली डीजेचा ठोका टाकला! म्हणे, "मावशी, नाहीतर लोकं बोअर होतेत."

तिथंच ठरलं. मशीन आपली, कात्री आपली.

*

उमरखेडचा पहिला दुकानदार मोठ्या झोकात म्हणाला, "आठ कोर, सोळा थ्रेड!"

जमनीची सगळी जिंदगी कांचळीवर, म्हणजे तांड्यावरच्या बायांच्या चोळीवर, टाके घालण्यात गेली. थ्रेड म्हणजे दोरा, एवढं इंग्रजी तिला येतं. ती काउंटरवर वाकली. "एक उसवून दाखव."

"आजी, थे दिसत नसतेत."

"मंग तू मोजले कसे?"

त्यानं पंखा वाढवला.

*

माझा भाचा सुधाकर नागपुरात असतो. त्यानं फोनवर बजावलं, "मावशी, कोणावरच विश्वास ठेवू नको. माझ्या दोस्ताच्या दुकानातूनच घे!"

त्याचं पहिलं वाक्य मी मानलं.

*

दुसऱ्या दुकानात प्रोसेसरच्या पिढ्यांचा हिशेब निघाला. हा या पिढीचा, तो त्या पिढीचा. मी म्हणलं, "याच्या मागची पिढी दाखव. माझ्या कामाले तेवढी पुरते, मी वाचून आली."

"थे कायले घेता, मावशी? म्हातारी झाली थे पिढी."

मी जमनीकडं पाहिलं, जमनीनं माझ्याकडं.

"म्हातारी झाली म्हणून काम सोडते काय?" जमनी म्हणाली. "तुह्या घरी सैपाक कोण करते?"

"...माय."

"मंग दाखव मागची पिढी!"

*

ती पिढी त्यानं दाखवली, पण डब्यावरच्या नंबराच्या शेपटीला एक 'एफ' होता. मी नंबर शेपटीपर्यंत वाचते. विचारलं, "हा एफ काहून?"

"एफ म्हणजे फास्ट!"

हे मी घरूनच पाहून गेले होते. एफ असला की प्रोसेसरच्या पोटात चित्र दाखवायची सोय नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळी ती काळीच. आणि कार्डाचं हा नुसतं "मागाहून पाहू" करून राहिला होता.

"मंग कार्डाबिगर लावून दाखव."

"आज मॉनिटर बिघडला, मावशी."

जमनी पिशवी उचलून उठली. "चाल, बाई. मले समजलं. एफ म्हणजे फसवते!"

*

तिसऱ्या दुकानात मोठ्या स्क्रीनवर धबधबा चालू होता. काय ते पाणी, एकेक थेंब मोजावा! दुकानदार म्हणाला, "पाहा, कुठं अटकते काय?"

"हा तयार व्हिडिओ हाय, बाबू. तू शिजलेला भात दाखवून चूल विकून राह्यला."

मी माझा पेन ड्राइव्ह दिला. जमनीचं गाणं, त्यावर लग्नघराच्या शूटिंगचे दोन थर, खाली अक्षरं. चालू केलं. जमनीचे ओठ मिटलेले तसेच थिजले आणि आवाज पुढं निघून गेला.

दुकानदाराचा चेहरा पडला. जमनी मात्र खूश. "माझं तोंड बंद! माझ्या सुनेले दाखवा, थे नवस फेडन!"

बाहेर आल्यावर मात्र ती हसली नाही. म्हणाली, "पोरगी सासरी गेल्यावर जोडशीन काय, ताराबाई?"

*

मग एसटीनं थेट यवतमाळ गाठलं. या दुकानदारानं बसल्याबसल्या चहा मागवला. माझे कान तिथंच टवकारले. पण त्यानं आमचं गाणं त्याच्या मशीनवर लावलं आणि ते चाललं! थर तीन, अक्षरं वेगळी, तरी ओठ आणि आवाज सोबत. जमनी पदर तोंडाला लावून पाहत राहिली.

"ह्योच प्रोसेसर पाहिजे," मी म्हणलं. "एफ नसलेला."

त्यानं आतून डबा आणला. "सील पाहून घ्या, मावशी. जसंच्या तसं." आणि डबा कापायचं पातं उचललं.

मी त्याचा हात धरला. "थांब. खालून."

आमच्या भागात सरकीच्या बियाण्याची पिशवी वरून कुणी फोडत नाही. वरचं सील आणि लेबल शाबूत ठेवायचं, कापायचं खालून. उगवलं नाही तर तक्रारीला पुरावा लागतो.

"मावशी, हे का बियाणं हाय?"

"नाही उगवलं तर दोन्ही सारखेच."

तो हसायला लागला. "इतक्या वर्षांत माझ्या दुकानात कोणी डबा खालून नाही उघडला!"

मी डबा उलटा केला. खालच्या पट्टीवरून नख फिरवलं. कंपनीचा गोंद सरळ रेघेत होता. त्याच्या बाजूला आणखी एक गोंद होता, बोटानं लावलेला.

"उघडला न, बाबू," मी म्हणलं. "माझ्या आंधी कोणीतरी उघडला."

चहा आला. कपाला कुणी हात लावला नाही. तो आत गेला, दुसरा डबा घेऊन आला. मी नख फिरवायच्या आत स्वतःच तो उलटा केला आणि पातं थेट खालच्या गोंदावर टेकवलं.

"थांब," जमनी तिच्या बसलेल्या गळ्यानं म्हणाली. "हा वरून उघड."