दुधीची लग्नं

नारपोलीची खोली सोडून आम्ही काल्हेरला तळमजल्यावर राहायला आलो, तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडली ती घरामागची जागा. दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. बिल्डरने तिथं फुटक्या लाद्या आणि सिमेंटचे गोळे टाकून ठेवले होते. दोन रविवार खपून मी आणि नवऱ्याने ते सगळं उचललं आणि नर्सरीतून मातीच्या आठ गोणी आणल्या. गोडाऊनमधल्या ड्युटीत मी दिवसभर खोक्यांवर लेबलं लावते. हाताला मातीचा स्पर्श असा नव्हताच.

मला धीर होता तो सासऱ्यांचा. बाबांचं आयुष्य शेतात गेलेलं. जमीन गोडाऊनं बांधण्यात गेली, तेव्हापासून ते खिडकीशी बसून ट्रक बघत असत. अंबाडीच्या बाजारातून मी दुधी, टोमॅटो आणि मेथीचं बी आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवून विचारलं, कसं लावायचं?

बाबांनी पुड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग जरा ओशाळून म्हणाले, "पोरी, मी जनमभर भातच लावला. यातलं मला काय बी म्हाईत न्हाय."

म्हणजे घरात नवशिके दोन झाले. मला आधी हसू आलं, मग बरंच वाटलं. आता चुकलो तर दोघं मिळून चुकणार होतो.

आणि चुकलोच. टोमॅटोचं सगळं बी मी एकाच क्रेटमध्ये ओतलं. सकाळी जाताना मी पाणी घालायची, दुपारी बाबा घालायचे, आणि आपण दोघंही घालतोय हे एकमेकांना सांगायचं राहून गेलं. रोपं मुळाशी कुजून आडवी पडली. मेथीने मात्र लाज राखली. चौथ्या दिवशी माती फोडून ती वर आली आणि महिन्याभरात जेवणात दिसली. तीन माणसांत मूठभर भाजी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले. बाबांनी ते शेवटी खायला ठेवले होते.

दुधी वेगानं वाढला. नवरा त्याच्या यंत्रमाग कारखान्यातून लूमचा टाकाऊ दोरा घेऊन आला. त्याचे पदर वळून आम्ही भिंतीवर जाळी बांधली. वेल ती चढून वरच्या मजल्याच्या ग्रिलला जाऊन भिडला. एप्रिलमध्ये पांढरी फुलं आली, रोज संध्याकाळी उमलायची. बोटाएवढे दुधीही दिसू लागले, पण चार दिवसांत पिवळे पडून गळायचे. बाबा रोज गळलेले गोळा करून ओट्यावर मांडून ठेवत. मी कामावरून आले की मला दाखवत. मी शेणखत घातलं, पाणी कमी केलं, पण गळायचं थांबलं नाही.

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. खाडीकाठच्या गावातल्या, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. तोवर आमचं बोलणं जिन्यात सलाम-नमस्कारापुरतं होतं. एका संध्याकाळी त्यांनी ग्रिलमधून आम्हाला ते पिवळे दुधी निरखताना पाहिलं आणि खाली आल्या. म्हणाल्या, लांब देठाची फुलं नर असतात आणि ज्यांच्या मागं बारकासा दुधी असतो त्या माद्या. नराचा पराग मादीला लागला नाही तर फळ धरत नाही. इथं चहूकडे पत्रे आणि ट्रकची धूळ, पतंग-पाखरं कुठून येणार? त्यांची आई परसात हे काम हातानं करायची.

एक नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागं सारून त्यांनी ते बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हलकेच लावा, भाऊ. चोळू नका."

बाबांनी श्वास रोखून फूल फुलाला टेकवलं. मग आमच्याकडे न बघता पुटपुटले, "या वयात आता ही लग्नं लावायची."

खाला तोंडाला ओढणी लावून इतक्या हसल्या, की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. मी चहा ठेवला.

त्यानंतर दिवेलागणीला बाबा ट्रककडे पाठ करून वेलाशी असायचे. पहिला दुधी धरला तो नेमका खालांच्या ग्रिलला. त्यांनी जुन्या ओढणीची झोळी करून त्याला आधार दिला आणि बाबा दिवसातून दोनदा जिना चढून त्याला पाहायला जाऊ लागले. त्यांना तो आणखी मोठा व्हायला हवा होता. खालांनी सालीवर नख टेकवून दाखवलं, नख सहज रुततंय, आता थांबलो तर बी निबर होईल. बाबांनी दोनदा कोयता उचलला आणि दोनदा ठेवला. शेवटी देठ मीच कापला.

तो कुणाचा, यावर जिन्यात थोडी चर्चा झाली. वेल आमचा, ग्रिल त्यांचं. मग सरळ दोन तुकडे केले. मी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून भाजी केली, त्यांनी हलवा केला, आणि दोन्ही भांडी जिन्यात एकाच वेळी समोरासमोर आली.

पुढं इतके दुधी लागले, की आम्हाला पिशवी घेऊन येताना पाहिलं की शेजारणी आधीच "कालचाच आहे" म्हणू लागल्या. बाबा तरी देऊनच येत. माणसांशी बोलायला त्यांना आता कारण होतं.

कचऱ्याच्या मातीतून पपईचं एक रोप आपोआप उगवलं होतं, ते यंदा फळाला आलं. पहिली पपई बाबांनी झाडापाशी उभ्यानंच कापली. रस कोपरापर्यंत ओघळत होता. अर्धी फोड त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "गोड हाय."

खूप गोड नव्हती. मी मान डोलावली आणि दुसरी फोड मागितली.