काटेसाहेबांनी नापास केलेला हत्ती

काटेसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. तरीही ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदार घाईघाईनं तराजूची पारडी पुसायला लागत. वजनमापं तपासणं ही त्यांची नोकरी होती. काटा केसभर कलला की साहेबांची डावी भुवईही तेवढीच कलायची, आणि मग दुकानदाराची काही खैर नसायची. बाजारानं त्यांना काटेसाहेब म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं त्यांच्याकडची तपासणीची वजनं परत घेतली. तपासायची खोड घ्यायची मात्र राहून गेली. घरी आल्यावर त्यांनी दुधाची पिशवी मोजली, साबणाची वडी मोजली, दिवाणखान्यातल्या घड्याळाला मागे पडल्याबद्दल समज दिली. त्यांची बायको, म्हणजे घरातल्या आजी, आधी हसल्या, मग कावल्या.

"अहो, बाहेर काहीतरी उद्योग बघा," त्या म्हणाल्या. "नाहीतर एक दिवस मी तुम्हालाच काट्यावर चढवीन."

त्यामुळे नातीच्या शाळेतून निरोप आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद आजींना झाला. नात दुसरीत होती. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या वर्गात छोट्या मुलांसाठी पुस्तकांचं कपाट होणार होतं. पुस्तकवाल्यानं चित्रकथा आणि माहितीच्या पुस्तकांची खोकी पाठवली होती. आवडतील ती ठेवा, उरलेली शनिवारी आमच्या गाडीत परत घाला, असा करार होता. वर्गाच्या बाईंना एकटीनं एवढं वाचणं जमेना.

"आजोबा, तुमची नजर फार बारीक आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "मुलांसाठी जरा निवडून द्याल का?"

बाईंनी ही चूक भाबडेपणानं केली, एवढंच म्हणता येईल.

खोकी घरी आली. साहेबांनी टेबल खिडकीशी ओढलं, भिंग काढलं आणि कामाला लागले. मधमाशीला चारच पाय काढलेलं पुस्तक पहिल्याच फटक्यात गारद झालं. एका गोष्टीत सूर्य मावळत होता आणि झाडाची सावलीही सूर्याकडेच पडली होती. तेही बाद. पोहणाऱ्या बदकाच्या मागे पाण्यावर एकही रेघ नव्हती. त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि जड अंतःकरणानं बदकाला घरी पाठवलं.

"अहो, कोट घातलेलं अस्वल बरं पास झालं?" आजींनी विचारलं.

"कोट घालायचा की नाही, तो अस्वलाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "प्राणी बोलोत, नाचोत, माझी हरकत नाही. पण जगाचे नियम मोडायचे नाहीत. लहान मूल छापलेलं सगळं खरं धरून चालतं गं. तिथे फसवलं तर मोठेपणी त्याला दुकानदारच काय, कुणीही फसवेल."

हे ते अगदी मनापासून बोलत होते. खोट्या मापानं फसलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, आणि दरवेळी त्यांना स्वतःच फसल्यासारखं वाटायचं. त्यामुळे आजींनी थट्टा तिथेच आवरली.

पास झालेल्या पुस्तकांचा गठ्ठा हळूहळू वाढला. त्यात गांडूळ होतं, पूल होता, पाण्याचा पंप होता आणि विटा होत्या. विटा जरा जास्तच होत्या.

मग हत्ती आला.

पुस्तक पातळसं होतं. बागेतल्या सी-सॉच्या फळीवर हत्ती बसतो. त्याची बाजू धपकन जमिनीला टेकते आणि तिथेच राहते. ससा येतो, हरीण येतं, घोडा येतो, पण हत्ती काही वर जात नाही. शेवटी एक उंदीर येतो, समोरच्या टोकावर बसतो, आणि शेवटच्या चित्रात फळी अगदी सरळ. एका टोकाला हत्ती, एका टोकाला उंदीर, दोघंही हवेत.

साहेबांची भुवई कलली. मग दुसरीही कलली. मधमाशीचे पाय ही नजरचूक म्हणता आली असती. हे तर त्यांच्या खात्यातलं, उघड्या डोळ्यांनी केलेलं खोटं माप होतं. पुस्तक परत जाणाऱ्या खोक्यात अगदी तळाशी गेलं.

त्या संध्याकाळपासून भिंगरी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांच्या शेजारी जेवायला बसेना, चष्मा शोधून देईना. काय झालं विचारलं तर आजीकडे तोंड करून म्हणायची, "त्यांना सांग, मी कामात आहे."

शुक्रवारी सकाळी साहेबांना राहवेना. "अगं, मी केलं तरी काय हिचं?"

"हत्तीचं पुस्तक खोक्यात टाकलंत ना?" आजी म्हणाल्या. "तुम्ही दुपारचे लवंडलात की ती टेबलाखाली बसून वाचायची. अक्षराला अक्षर लावत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकटीनं. पहिलंच पुस्तक तिचं. तुम्हाला वाचून दाखवणार होती. तुम्हीच आधी निकाल लावून मोकळे झालात."

भिंगरीला वाचायला लावताना घरातल्या सगळ्यांनी हात टेकले होते, हे साहेबांना माहीत होतं. पण उद्या गाडी येणार होती, आणि खोटं माप ते खोटं माप. नातीसाठी सूट द्यायची म्हणजे ओळखीच्या दुकानदाराला सूट दिल्यासारखंच की. शेवटी त्यांनी खोकी उचलली आणि शाळा गाठली.

बाईंनी पास झालेली पुस्तकं चाळली. "आजोबा, विटांवर तीन?"

"तिन्ही बरोबर आहेत."

"असतील हो. पण मुलं वाचणार आहेत, घर बांधणार नाहीयेत." मग त्यांनी दुसऱ्या खोक्याच्या तळातून हत्ती वर काढला, शेवटपर्यंत पाहिला आणि हसू दाबलं. "ह्याचं काय चुकलं?"

साहेबांनी सांगितलं.

"असं करू," बाई म्हणाल्या, "हे तुम्हीच वर्गाला सांगा. त्यांना पटलं तर हत्ती गाडीत."

भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारे साहेब त्या बुटक्या बाकांसमोर उभे राहिले आणि त्यांनाच घाम फुटला. खिडकीजवळ भिंगरी बसली होती आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. बाईंनी गोष्ट वाचून दाखवली. उंदीर आला तसा वर्गात एकच हशा पिकला.

"तर मुलांनो," साहेब खाकरले, "हे खोटं माप आहे, असं कधीही होऊ शकत नाही. हत्ती फार जड असतो."

"आम्हाला माहितीये!" सगळा वर्ग ओरडला.

"माहितीये?"

"मग काय! म्हणून तर गंमत आहे," पुढच्या बाकावरची एक दात पडलेली मुलगी त्यांची कीव करत म्हणाली. "खरंच झालं असतं तर हसलो कशाला असतो?"

"पण मग फळी सरळ कशी झाली?" साहेब इरेला पेटले.

"उंदरानं खूप खाल्लं असेल!"

"हत्तीनं श्वास धरून ठेवलाय!"

"हत्ती मधे सरकून बसला तर?" कुणीतरी म्हणालं. "माझा दादा मधे सरकतो, तेव्हा मी खाली जाते."

साहेब एकदम थबकले. मधे सरकला तर! त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, भिंग लावलं. हत्ती काही सरकलेला नव्हता. सरकला असता तरी हत्ती आणि उंदीर म्हणजे फारच झालं. पण प्रश्न मात्र सोळा आणे खरा होता, आणि एवढ्याशा पोरानं तो विचारला होता. आपण शेवटच्या चित्रावर काट मारली, आणि हे पोर त्याच चित्रापासून पुढे निघालं, हे त्यांच्या मनाला चाटून गेलं.

"हत्तीला कधीच वर जायला मिळत नाही," खिडकीजवळून आवाज आला. भिंगरी तक्त्याकडेच बघत बोलत होती, पण बोलत होती. "सगळे येतात आणि उतरून जातात. तुम्ही गेलाय का कधी वर?"

साहेबांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "नाही बुवा."

पुढचं ठरवलं कुणी ते कळायच्या आत वर्ग मैदानात होता. भिंगरी सी-सॉच्या एका टोकावर चढली. दुसऱ्या बाजूला साहेब बसले मात्र, फळी दणकन खाली गेली आणि भिंगरी आभाळात. मुलं खिदळली.

"सरका, आजोबा! मधे सरका!"

साहेब सरकले. धोतरवजा ढगळ पायजमा सावरत इंच इंच सरकले. फळी हलली. आणखी थोडं.

"पाय टेकलेत! पाय टेकलेत!" दात पडलेली मुलगी खाली वाकून बघत होती. "हे खोटं माप आहे!"

सगळ्या बाजारात असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. साहेबांनी निमूटपणे पाय उचलले. फळी डुचमळली, वर झाली, खाली झाली आणि थांबली. तिकडे भिंगरी, इकडे आजोबा, दोघंही हवेत. साहेबांनी जन्मभर काटे सरळ उभे राहताना पाहिले होते, पण स्वतः पारड्यात बसून नाही. त्यांना पोटात गुदगुल्या झाल्या आणि ते हसायला लागले. ते हसले तशी फळी थरथरली.

"हलू नका ना!" भिंगरी म्हणाली. आता ती थेट त्यांच्याकडे बघत होती. "आणि पुस्तक?"

"राहू दे कपाटात."

"राहू दे म्हणजे पास?"

"पास गं बाई, पास!"

भिंगरीनं आनंदानं टुणकन उडी मारली आणि साहेब धप्पकन खाली आले. बाई धावल्या. साहेबांना लागलं नव्हतं, फक्त चष्मा नाकावरून हनुवटीवर आला होता. बदक आणि मधमाशीलाही परत बोलावलं. मधमाशीचे पाय मोजायचं काम आता वर्गाकडे होतं. विटांपैकी दोन पुस्तकं परत जायच्या खोक्यात गेली. ती साहेबांनी स्वतःच उचलून ठेवली.

संध्याकाळी भिंगरी हत्तीचं पुस्तक घेऊन घरी आली. आजोबांना खेटून बसली आणि अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. दुसऱ्या पानावर ससा सायकलवरून बागेत येत होता. सायकलला साखळीच नव्हती. साहेबांनी मोठा श्वास घेतला.

"काय?" बोट थांबलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. "वाच तू. पुढे काय झालं?"