घोंगडीखालचा भोपळा

आता माझीच फजिती मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? पण एवढा चहा पाजलात, तर ऐका.

निजामाचं राज्य होतं. लेव्हीचे दिवस. ज्वारी सरकारात घालायची, आणि घरात दडवलेली सापडली की थेट हवालात! वसुलीला येणाऱ्या गिरदावराच्या घोड्याचा आवाज आला तरी आमची टेंभुर्णी चिडीचूप व्हायची. नेमका त्याच साली माझ्या परसातल्या वेलीला भोपळा धरला. केवढा? माझ्या कवेत मावेना!

आमच्याकडं वाढत्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं की फळ सडतं. दाखवायचंच तर बोट वाकवून. आता गावातल्या किती बोटांवर मी लक्ष ठेवणार? वडिलांची जाड घोंगडी भोपळ्यावर टाकली, भोवती काटे लावले आणि काठी घेऊन समोर बसलो. स्वतःसुद्धा उघडून बघेना. माझीच नजर लागली तर?

बायको म्हणाली, "आवं, लोकं म्हणून राह्यले, ह्यानं ज्वारी दडवली."

"म्हणू दे. भोपळ्याचं नाव काढू नको. नजर लागंल."

मंग काय! महिन्याभरानं गिरदावर दोन शिपाई घेऊन परसात हजर.

"क्या है इसके नीचे?"

"काहीच न्हाई, साहेब."

"कुछ नहीं, तो लकडी लेके कायको बैठा?"

"सवय हाय, साहेब."

सवय! दुसरं काही सुचलंच नाही हो. शिपायांनी काटे बाजूला केले. बायको रडायला लागली. मला हवालातीची भीती होतीच, पण खरं सांगू? भोपळ्याची काळजी जास्त होती.

घोंगडी उडाली. भोपळा वरून कसा तकतकीत! "या अल्ला, इत्ता बडा कद्दू!" म्हणत गिरदावरानं बोट उचललं. सरळ!

आणि मी झडप घालून सरकारचं बोट मुठीत धरलं.

शिपायाची लाठी वर गेली. मी डोळे मिटले, पण बोट काही सोडलं नाही.

"सोडा की त्यायचं बोट!" बायको किंचाळली, आणि रडत रडत तिनंच सगळा प्रकार सांगितला. गिरदावरानं शिपायाला लाठी खाली घ्यायला लावली. मग हसला.

"अच्छा, ऐसा है? लो फिर." त्यानं माझ्या मुठीतून बोट सोडवलं, वाकवलं आणि कौतुकानं भोपळ्यावर टकटक केली.

दुसऱ्या टकटकीला बोट आत गेलं. पार मुळापर्यंत! असा वास सुटला, की दोन्ही शिपाई नाक धरून मागं सरले.

"मैं तो टेढीच उंगली लगाया था जी!" गिरदावरच घाबरला.

"त्यायची काय चूक?" बायकोनं डोळे पुसले. "महिनाभर तुमीच घोंगडीत कोंडून वरून पानी घातलं."

हवालात टळली. पण टेंभुर्णीत आजही कुणी माझं घर विचारलं, की लोक बोट वाकवून दाखवतात.