जुनं देऊन नवं

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मी सांगितलं, की बोहारणीकडून भांडं घेतात तसंच दवाखान्यातून बाळ आणतात.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे आत्ताच कबूल केलेलं बरं. नंतर कळलं असतं तर तुम्ही जास्त हसला असता.

झालं असं. बायकोला सातवा महिना होता. रविवारी सकाळी दारात बोहारीण बसलेली. तिच्यापुढं माझ्या दोन जुन्या पँटा, बायकोची विरलेली साडी आणि मध्ये एक चकचकीत पातेलं. "वर अजून एक साडी घाला की," म्हणून ती अडून बसली होती. मुलगी हा व्यवहार डोळे विस्फारून बघत होती. बायको साडी शोधायला आत गेली, तशी पोरीनं खणखणीत आवाजात मला विचारलं, "पप्पा, आपलं बाळ कुठून येणार?"

परक्या बाईसमोर हा प्रश्न! माझे कान तापले. समोर जे दिसलं तेच मी उचललं. "दवाखान्यातून. हे पातेलं मिळतंय ना, तसंच."

"जुनं देऊन नवं?"

"हां, तसंच," म्हणालो आणि पेपरात तोंड खुपसलं. वेळ मारून नेली म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्या दिवसापासून पोरगी फार शहाण्यासारखी वागू लागली. न रडता वेणी घालून घ्यायची. बूट फडक्यानं पुसून ठेवायची. दिवाळीचा फ्रॉक काही केल्या अंगात घालेना, 'जुना होईल' म्हणायची. मी बायकोला ऐटीत म्हटलं, "बघ, ताई होणार म्हणून जबाबदारी आली." मग तिनं कडक भाकरी सोडली. सोलापुरात पोर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नको म्हणालं, की आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. ताप नव्हता. दुधात भिजवून मऊ केलेली भाकरी ती एका बाजूनं हळूहळू चावायची.

एका दुपारी जेवताना तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं. आईनं समजावून हात सोडवले, तर मुठीतून पुढचा दात निघाला. त्या एवढ्याशा दाताकडं बघून ती हमसून रडायला लागली.

"मला देऊ नका ना दवाखान्यात. एकच दात पडलाय. बाकी मी नवीनच आहे."

"कोण देतंय तुला?"

"पप्पाच म्हणाले. जुनं देऊन नवं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातल्या चटणीकडं.

दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. तो मी दर वर्षी 'घरी वाचून या' म्हणून पुढं ढकलतो. ज्या घरांत पोरांनी तो वाचायचा, त्या घरांतही माझ्यासारखेच बाप पेपरात तोंड खुपसून बसलेले असणार, हे त्या दुपारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मलाही लहानपणी कुणी काही सांगितलं नाही. पण न सांगणं निराळं, आणि लेकराला मोडीत काढणं निराळं.

बायको हात धुऊन भिंतीला टेकून बसली. पोरीचा हात तिनं पोटावर ठेवला. "भाकरी जाते तिथं नाही हं बाळ. त्याची वेगळी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात. तूही त्यातच होतीस. तुला कुणाच्या बदल्यात आणली नाही, आणि तुझ्या बदल्यात कुणी येत नाही."

"मग बाहेर कसं येतं?"

"शूची आणि शीची जागा असते ना, त्यांच्या मधे बाळाची वाट असते. ती ताणली जाते. दुखतं. डॉक्टर मदत करतात."

"आणि आत कसं गेलं?"

"ते विज्ञानाचे सर सांगतील."

मी पुढं सरकून बसलो. "आईच्या शरीरातली एक बारीकशी पेशी, आणि माझ्या शरीरातली एक. त्या दोन्ही मिळून एक झाल्या, की बाळ वाढायला लागतं."

"म्हणजे माझ्यात तुम्ही पण आहात?"

"निम्मा."

तिनं स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "तरी मला देणार होता?"

"नव्हतो गं. कधीच नाही. लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

"कसली लाज?"

असं विचारून तिनं माझ्या ताटातला कडक भाकरीचा तुकडा उचलला आणि दाढेखाली कडाकडा फोडला. त्या आवाजानं माझा जीव भांड्यात पडला.

त्या वर्षी मी तो धडा शिकवला. अर्धा वेळ फळ्याकडं तोंड करून, पण शिकवला.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा बोहारीण पुन्हा दारात आली. बाळाला बघून तिनं दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. मुलगी तिच्या टोपलीपाशी उकिडवी बसली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मावशी, पप्पांच्या बदल्यात काय द्याल?"

बोहारणीनं मला वरपासून खालपर्यंत नीट निरखलं, विरलेली साडी उजेडात धरून बघतात तसं.

"ह्यांच्यावर चमचाबी येत न्हाय, बाय. वर दोन साड्या घालाव्या लागतील."