शेंदूरजनाघाटची हिरवी संत्री

शेंदूरजनाघाटचे संत्रा व्यापारी रफिकभाई फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमची मशीन अर्धा माल फेकून राहिली. एकदा येऊन पाहा." मशीन म्हणजे कॅमेऱ्याने रंग आणि आकार पाहून संत्री वेगळी करणारं. त्याचे आकडे मी पुण्यात बसून ठरवले होते, फेब्रुवारीत आलेल्या दोन पेट्यांवरून. तंत्रज्ञान, माणसं आणि पर्यावरण या त्रिकोणातून गुणवत्ता येते, हे मी कारखान्यांत शिकवते. वऱ्हाडात मात्र कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नोव्हेंबरात निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. रेल्वेने बडनेऱ्याला उतरा, अमरावती तिथून रिक्षाने जवळ. स्टँडबाहेर दह्यातला गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी दोन प्लेटी खाल्ल्या. मग मोर्शीमार्गे वरूडची एसटी, तीनेक तास. खिडकीतून हिरव्यागार बागा दिसतात आणि मध्येच तोडलेल्या झाडांचे ढीग. विहिरी आटल्या की लोक बाग तोडून मोकळे होतात, असं कंडक्टरने तिकिटाइतक्या सहजपणे सांगितलं. मुक्काम वरूडलाच करा. खोल्या साध्या आहेत, पण पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, असा झणझणीत मिळतो की नाकातून पाणी येतं आणि तरी हात थांबत नाही.

सकाळी शेंदूरजनाघाटला रफिकभाईंच्या शेडवर पोचले तर बारा बायका दारातच बसलेल्या. वर्षानुवर्षं हातांनी माल निवडणाऱ्या याच. रफिकभाई जरा नजर चुकवत म्हणाले, "मशीन आली, म्हणून उद्यापासून येऊ नका म्हटलं या बायायले. दोघांचा खर्च नाही परवडत, मॅडम." मशीनचे आकडे माझे होते ना!

मशीन सुरू झालं. पिवळीधमक संत्री पुढे जात होती, हिरवट सगळी कचऱ्याच्या पेटीत पडत होती. बायकांतल्या वयस्कर शोभाबाई उठल्या, त्या पेटीतलं एक उचललं, सोललं आणि फोड माझ्या हातावर ठेवली. साखरेसारखी गोड! मग पुढे गेलेल्यांतलं एक अंगठ्याने दाबलं. साल पोकळ, आतल्या फोडी कोरड्या.

"हे अंबिया बहाराचं फळ हाय, मॅडम, दिवाळीच्या टायमाले निघते. थंडी पडल्याबिगर रंग नाही येत, गोडी आधी येते. तुमी पाह्यला तो मृगाचा माल, थंडी खाऊन फेब्रुवारीत निघणारा."

मी पिशवीतून गोडी मोजायचं यंत्र काढलं. त्यानेही शोभाबाईंचीच बाजू घेतली. मी विचारलं, "आधी का नाही बोललात?"

"इचारलं कुठी आमाले?"

मला लाज वाटली, आणि खरं सांगते, जरा हायसंही वाटलं. चूक सुधारण्यासारखी होती. मी रंगाची अट बंद केली, मशीनकडे फक्त आकार ठेवला. पट्ट्याच्या आधी बायका, त्यांचा अंगठा. फेकायचा ढीग दुपारपर्यंत टोपलीभर उरला. संत्री धुतलेलं पाणी नालीत जात होतं, ते बाजूच्या झाडांना वळवायचं ठरलं. फळांवरच्या फोमच्या जाळ्याही गेल्या, पेटीत पुन्हा भाताचं तणस आलं.

रफिकभाईंनी टोपलीकडे पाहिलं, मग बायकांकडे. "उद्या टायमावर या सगळ्याजणी. चहा माह्याकडून."

"चहा तं आजपासून पाह्यजे," शोभाबाई म्हणाल्या.

परतीची गाडी बडनेऱ्याहून होती. फलाटावर मी हिरवं संत्रं सोलायला घेतलं तेव्हा शेजारच्या काकांनी दयेने विचारलं, "कच्चं हाय ना ते?" मी दोन फोडी दिल्या. थोड्या वेळाने त्यांचा हात पुन्हा पुढे आला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते मशीनच्या तक्त्याचं. 'रंग' या रकान्यातला आकडा खोडला आणि लिहिलं: शोभाबाईंना विचारणे. तक्ता रफिकभाईंना पाठवून दिला. इतकी वर्षं शिकवलेल्या त्रिकोणात मी पहिल्यांदाच एखाद्या माणसाचं नाव लिहिलं होतं, आणि मन भरून आलं होतं.

पंधरा दिवसांनी शोभाबाईंचा फोन आला. शेड जोरात चालू होती, मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"मॅडम, तुमच्या कागदावर माहं नाव लिवलं म्हणे?"

"हो."

"काहून लिवलं वं माय! शनिवारी भाचीचं लगन हाय, आन् रफिकभाई सुट्टीच नाही देऊन राहिले!"