चुकलंस तर परत झांज

जयवंत घाडीच्या डोक्यात व्हायोलिन शिरलं ते लिफ्टच्या टपावर. होय, टपावर! खोटं वाटत असेल तर डिलाईल रोडच्या त्याच्या चाळीत कोणालाही विचारा. माणूस लिफ्टचा मेकॅनिक, वय चोपन्न, तीस वर्षं हातात पाना आणि ग्रीस. गिरगावातल्या एका जुन्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली होती म्हणून हा टपावर उभा राहून तपासत होता, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी व्हायोलिन वाजवायला घेतलं. झालं! पाना हातातच राहिला. खालून वॉचमन ओरडतोय, "ओ मिस्त्री, झोपलात काय?" आणि इकडे मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर ऐका. चाळीच्या भजनी मंडळात जयवंत सव्वीस वर्षं झांज वाजवत होता. पुढे अप्पा बुवा पेटीवर बसून गाणार, बाजूला राजाराम पखवाजावर, आणि हा मागच्या रांगेत. ठेक्याला पक्का, कधी इकडचा तिकडे झाला नाही. पण झांजेतून गाणं निघत नाही हो! गाणं दुसऱ्याचं, आपण नुसतं छुम छुम करायचं आणि घरी जाऊन जेवायचं. गळा म्हणाल तर तो असा की अंघोळीला बसून गुणगुणला तरी बायको बाहेरून दार ठोठावायची. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सूर आपल्या हातून निघावा, एवढंच त्याचं मागणं. त्या दिवशी टपावर त्याला कळलं की तो कशातून काढायचा.

पुढच्याच आठवड्यात एक जुनं व्हायोलिन काखोटीला मारून स्वारी घरी हजर. शेवंती, म्हणजे त्याची बायको, पीठ मळत होती.

"ह्या काय हाडलात?"

"व्हायोलिन."

"कोणाचा?"

"माझा!"

शेवंतीने एकदा व्हायोलिनकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.

आता शिकायचं कोणाकडे? दादरच्या एका क्लासात तो गेला होता चौकशीला. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे केला आणि गोड हसून विचारलं, "मुलाचं नाव काय?" बाकावर सात-आठ वर्षांची पाच पोरं पाय हलवत बसलेली, सगळी याच्याकडे टकामका बघतायत. "नंतर येतो," म्हणून जयवंत जो सटकला तो थेट बसस्टॉपवर थांबला. मग काय, मोबाईल हाच गुरू. मोबाईलमधला माणूस सांगेल तसं व्हायोलिन खांद्याला लावायचं आणि गज, म्हणजे तो केस लावलेला दांडा, तारेवर ओढायचा.

पहिल्या दिवशी जो काही आवाज निघाला, देवा! दहा बाय बाराची खोली, दार उघडं. पलीकडच्या खोलीतून राजाराम ओरडला, "जयवंता, तुझ्या दाराची बिजागरी बोंबालता रे! तेल घाल तिका!"

दुसऱ्या कोणाला राग आला असता. आमच्या मेकॅनिकला पटलं! करकरतंय म्हणजे तेल मागतंय, हे तर त्याचं रोजचं काम. शेवंतीच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली त्याने काढली आणि गजाच्या केसांना या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल चोळलं. अगदी मायेने चोळलं. वर फडक्याने पुसूनही घेतलं. मग गज तारेवर ठेवला आणि ओढला. करकर साफ गेली! पण सूरही गेला. गज इकडून तिकडे मजेत घसरतोय आणि व्हायोलिन मुकं. बापड्याने दोन दिवस तारा पिळल्या.

मुलगी आकांक्षा बँकेतून आली, तिने गजाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि हसता हसता जमिनीवरच बसली. "पप्पा, तेल लावलंत? अहो, त्याला राळ लावतात राळ! खरखरीत झाल्याशिवाय तो वाजणार कसा?"

व्हायोलिनच्या दुकानदाराने तर कहरच केला. गज हातात घेऊन विचारतो, "खोबरेल की चमेली?" नवे केस बसवून, राळेची वडी खिशात टाकून जयवंत घरी आला तो नाचतच. "शेवंती, ऐक! तीस वर्षं मी घर्षण कमी करीत इलंय. आणि हिथे घर्षण नाय तर गाणा नाय! काय गंमत बघ!"

"बघितलंय," शेवंती म्हणाली. "आता जेवून घेवा."

त्यानंतर गडी थांबला नाही. घरी सगळ्यांना ताप नको म्हणून व्हायोलिन हत्यारांच्या पिशवीबरोबर कामावर निघालं. ज्या बिल्डिंगमध्ये काम, तिच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत रियाज. बोट कुठे टेकवायचं ते समजावं म्हणून व्हायोलिनच्या दांडीवर लाल-पिवळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. आठ महिने डबा गार खाल्ला पठ्ठ्याने! आणि एका दुपारी लालबागच्या एका गच्चीवर अभंगाची अख्खी ओळ, ओळखू येईल अशी, त्याच्या हातून निघाली. जयवंतने कोणाला सांगावं? समोर मोटर आणि दोरखंड. त्याने मोटरलाच सांगितलं, "ऐकलंस मा?"

त्याच आठवड्यात, शनिवारच्या भजनाआधी, तो अप्पांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. मंडळात नवीन वाद्य म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. एकाचा कीबोर्ड त्यांनी दोन मिनिटांत घरी पाठवला होता.

"पुढच्या शनिवारी वाजव," अप्पा म्हणाले. "एकच अभंग. जमला तर माझ्या बाजूक बस. चुकलंस तर परत झांज, आणि माझ्या कानार ह्या खूळ परत घालूचा नाय. कबूल?"

"कबूल!" जयवंत म्हणाला खरा, पण तो आठवडा त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. दोनदा तर तो चुकीच्या मजल्यावर उतरला.

शनिवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये ही गर्दी! बातमी फुटली होती. राजाराम पखवाजाला कणीक थापत डोळे मिचकावतोय, शेवंती आणि आकांक्षा दाराशी. अप्पांच्या पेटीला तारा जुळवून जयवंत बसला. अप्पांनी सूर धरला, याने गज टेकवला.

पहिली ओळ आली. स्वच्छ आली! बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. दुसरी ओळ आली. जयवंतच्या छातीत असा आनंद दाटला की वाटलं आता उठून ओरडावं. आणि त्याच आनंदात हात सैल पडला. तिसऱ्या ओळीत चाल वर चढते, तिथे बोट पट्टीच्या बरंच खाली पडलं. सूर बेसूर! घाबरून त्याने बोट तारेवरून तसंच घासत, कण्हत कण्हत वर नेलं आणि कसंबसं जागेवर आणलं.

पेटी थांबली. पखवाज थांबला. अप्पांनी मान वळवली.

"ह्या काय केलंस?"

संपलं. जयवंतने गज खाली घेतला. लाजेने त्याचे कान तापले होते. "चुकलंय, अप्पा. बोट खाली पडला, म्हणून घासत वर नेलंय." आणि व्हायोलिन खांद्यावरून उतरवून तो मागच्या रांगेत जायला उठला.

"बस खाली!"

तो बसला.

"माझे बुवा, माका शिकवणारे, गाताना असाच घासत वर जायचे," अप्पा हळूच म्हणाले. "पन्नास वर्षां मी ता ह्या पेटीर शोधतंय. गावला नाय. एक पट्टी सोडून दुसरी धरूची, मधली वाटच नाय पेटीक."

"पण अप्पा, ती चूक होती."

"मगे तीच चूक परत कर," अप्पा म्हणाले, आणि पेटीचा भाता बंद करून त्यांनी गळा साफ केला.