शहीद व्हायला कुणी तयार नव्हतं

“बाई, माझं लेकरू मरायचं न्हाई. दुसऱ्या कुणाचं बघा.”

चंदूची आई डोक्यावरची पाटी न उतरवताच वर्गाच्या दारात उभी होती. चंदू माझ्या पाचवीतला. सव्वीस जानेवारीच्या टॅब्लोत मी त्याला शहीद केलं होतं. टॅब्लो म्हणजे देखावा. हलायचं नाही, बोलायचं नाही. चंदूला एका जागी उभं राहणं जमत नसे, म्हणून त्याला आडवाच पाडला. अंगावर पांढरी चादर, गळ्यात हार. पोरगा खूश होता. घरी जाऊन त्यानं आईला प्रॅक्टिस करून दाखवली आणि तिथंच घोटाळा झाला.

“जित्या लेकराला हार घालून निजवतेत व्हय, बाई?”

मी दुसरा पोरगा घेतला, तर दुसऱ्या दिवशी त्याची मावशी आली. मग गावभर बोभाटा झाला. बसवकल्याण तालुक्यातलं लहानसं गाव आमचं. राज्याचं नाव नुकतंच म्हैसूरचं कर्नाटक झालं होतं, शाळा मात्र मराठीच होती. शहीद व्हायला एक पोरगं मिळेना.

हेडमास्तर तापले. “टाचणात लिहिलंय ते झालंच पाहिजे. इन्स्पेक्टर साहेब यायलेत.” टाचण म्हणजे काय शिकवणार ते मास्तरांनी आधी लिहून ठेवायचं.

“मग सर, तुम्हीच निजा की.”

सरांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांना विनोद आवडला नाही.

खरं सांगते, टॅब्लो गेला खड्ड्यात, मला काळजी होती नीलक्कांची. त्यांचा शिवराज आमच्याच शाळेत शिकला, फौजेत गेला आणि लढाईत गेला. कार्यक्रम त्याच्याच नावानं व्हायचा. पहिल्या वर्षी नीलक्का आल्या, नंतर कधीच नाही. लाऊडस्पीकरवर पोराचं नाव ऐकत त्या घरात मिरच्या कुटत बसायच्या. हे काही मला बरं वाटेना. एका संध्याकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेले.

“नीलक्का, शाळेत कामून येत न्हाईत तुम्ही?”

“काय यायचं, बाई? खुर्चीवर बसवतेत. समदे माझ्या तोंडाकडं बघतेत, कवा रडती म्हणून. शूर व्हता, वीर व्हता म्हणतेत. माझा शिवराज पालीला भ्यायचा.”

मला हसू फुटलं. त्यांनाही आलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “असं कुणी बोलतच न्हाई बघा त्याचं.”

मी टॅब्लो रद्द केला, टाचणात खोडून ‘नाटक’ लिहिलं. पोरांना सांगितलं, गावात फिरा, शिवराजला ओळखणाऱ्या प्रत्येकाला गाठा आणि तो काय काय करायचा ते विचारून या. त्याचंच नाटक करू. पोरं सुटली. शिवराजनं कुणाचे पेरू चोरले, कुणाच्या म्हशीवर बसून तो ओढ्यात पडला, सगळं आणलं. एकानं तर हेडमास्तरांनाच गाठलं.

“शिवराज खिडकीतून उडी मारून पळायचा, हे दाखवणार तुम्ही?” सर मला म्हणाले. “शहिदाची काही इज्जत?”

“तुम्हीच सांगितलंत पोरांना.”

“ते खाजगीत सांगितलं होतं.”

आता शहीद जिवंत होता, त्यामुळं सगळ्यांनाच शिवराज व्हायचं होतं. चंदूची आई परत आली. “पहिला मान माझ्या लेकराचा, बाई.” चंदू शिवराज झाला आणि वर्गातली सुजाता त्याची आई.

नीलक्का ‘बघते’ एवढंच म्हणाल्या होत्या. नाटक सुरू झालं तरी त्यांचा पत्ता नव्हता. मी पडद्याआडून सारखी फाटकाकडं बघत होते. पेरूचोरीवर इन्स्पेक्टर साहेब पोट धरून हसत होते, तेव्हा त्या दिसल्या, भिंतीला टेकून उभ्या. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटचा प्रवेश मी माझ्या मनानं रचला होता. शिवराज फौजेत निघतो, आई ओवाळते, तो पाया पडून सॅल्यूट करतो. सुजातानं ताट उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“असं न्हाई झालं.”

नीलक्का चालत पुढं आल्या त्या थेट बाकांच्या स्टेजवर चढल्या. “ओवाळणी-बिवाळणी काही न्हाई. उमरग्याची बस लागली आन् ह्यो भाकरीचं गठुडं इसरून जाऊन बसला. बस सुटली. मी मागं पळायले.” त्यांनी सुजाताच्या हातातलं ताट काढून घेतलं, त्यावरचा रुमाल गुंडाळून तिच्या हातात दिला. “पळ.” चंदूला बाकामागं बसवलं. “तू खिडकीतून हात काढ.”

सुजाता पळाली. चंदूनं हात काढून गठुडं घेतलं.

“हास की रे,” नीलक्का म्हणाल्या. “हसायलता तो. म्या त्याला बघितलं ते तेवढंच.”

चंदू हसला. समोर बसलेली त्याची आई मात्र हुंदके देऊन रडायला लागली. तिला नीलक्कांनीच खाली उतरून गप्प केलं.

पुढच्या साली नीलक्का आमंत्रणाची वाट न बघता तालमीपासूनच हजर. रोज प्रत्येक प्रवेश थांबवायच्या, पोरांना ओरडायच्या, मला पण ओरडायच्या. जीव मेटाकुटीला आला माझा. पण एक शिकले. शहिदाच्या आईला पाहुणी म्हणून बोलावू नये. कामाला लावावं.